अंगणातली शाळा

श्रोतेहो, आरंभी माझ्याच फजितीची एक गोष्ट सांगतो. मुलगा तीन वर्षांचा झाला तेव्हा मी त्याला पाटी आणून दिली. बाप एम. ए., कॉलेजात शिकवणारा. तेव्हा मुलाला अक्षर लवकर यायलाच हवं, असा माझा हिशेब. रोज संध्याकाळी मी ‘अ’ काढून द्यायचा आणि त्यानं तो गिरवायचा. पंधरा दिवसांत पाटी दिसेनाशी झाली. शोधली तेव्हा ती पलंगाखाली, पार कोपऱ्यात सापडली. त्याच सुमारास माझी आई दुपारी ज्वारी निवडायला बसे आणि हा पठ्ठ्या तिच्याजवळ तासभर हलत नसे. खडे वेगळे, किडके दाणे वेगळे, चांगले दाणे वेगळे. ओंजळीत किती मावले, मापट्यात किती ओंजळी मावल्या, हे तो आपण होऊन सांगायचा. माझी आई चौथीच्या पुढं शिकलेली नाही. तिनं त्याला ‘शिकवायचं’ म्हणून काही शिकवलंच नव्हतं.

तेव्हापासून मला प्रश्न पडला, की लहान मुलाला घरी शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? इतिहास हा माझा विषय. म्हणून सवयीप्रमाणं मी मागं वळून पाहिलं, आणि ध्यानात आलं की हा प्रश्न माझ्या आधी पुष्कळ आईबापांना पडून गेला आहे. त्यांतल्या काहींची हकीकत आज सांगणार आहे.

पहिलं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकांनी संस्कृत शिकावं, या मताचा हा विद्वान. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं. त्याबद्दल त्यांना उडुपीला पंडितांच्या सभेपुढं जाब द्यावा लागला. पुढं पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात त्यांनी बिऱ्हाड केलं, आणि तिथं १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. हे कुटुंब नंतर तीर्थयात्रेला निघालं ते वर्षानुवर्षं चालतच राहिलं. वडील वृद्ध झालेले. म्हणून रमा आठेक वर्षांची झाली तेव्हा तिला शिकवण्याचं काम आईनं अंगावर घेतलं. पाटी नाही, बाक नाही, घंटा नाही. आई म्हणायची आणि मुलगी तिच्या मागून म्हणायची. पुढं दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तोवर त्या कुठल्या शाळेत गेल्या नव्हत्या.

गोष्ट ऐकून छाती भरून येते, नाही? पण श्रोतेहो, जरा थांबू या. त्या काळच्या किती मुलींना असे आईवडील लाभले? न्यायमूर्ती रानड्यांनी रमाबाई रानड्यांना घरी शिकवलं, तेव्हा घरातल्याच बायकांची बोलणी त्यांना खावी लागली. म्हणजे घरचं शिक्षण हे ज्याच्या त्याच्या नशिबावर आणि हिमतीवर अवलंबून. एका घरात लागलेला दिवा शेजारच्या घराला उजेड देत नव्हता. लक्ष्मीबाईंना मुलीला शिकवताना काय काय उमगलं असेल, ते दुसऱ्या आईपर्यंत पोचण्याची सोयच नव्हती.

ती सोय कशी झाली, ते पाहण्यासाठी आपल्याला थोडं गुजरातेत जावं लागेल. गिजुभाई बधेका हे काठेवाडातले वकील. जन्म १८८५ चा. १९१३ साली त्यांना मुलगा झाला, आणि याला शिकवावं कसं, या काळजीनं वकीलसाहेब पुस्तकं धुंडाळू लागले. त्यांच्या हाती मॉन्टेसरीबाईंचं लेखन आलं. या बाई इटलीतल्या डॉक्टर. १९०७ साली त्यांनी रोममधल्या गरीब वस्तीत मुलांसाठी एक घर उघडलं होतं. मूल स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या गतीनं शिकतं. मोठ्यांनी आधी त्याच्याकडं नीट पाहावं, हा त्यांचा मुख्य सांगावा. गिजुभाईंनी वकिली सोडली. १९१६ साली ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि १९२० साली त्यांनी तिथं बालमंदिर काढलं.

याच बालमंदिरात १९२३ साली एक मराठी बाई दाखल झाल्या, त्या ताराबाई मोडक. मुंबईत १८९२ साली जन्मलेल्या, १९१४ साली बी. ए. झालेल्या. राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजात त्या मोठ्या हुद्द्यावर होत्या. ती नोकरी सोडून, आपल्या लहान मुलीला बरोबर घेऊन त्या भावनगरला गेल्या. तेव्हा योग पाहा! एक बाप आणि एक आई, दोघंही स्वतःच्या लेकराचं बोट धरून या कामात शिरले.

त्यांनी फक्त शाळा चालवली असती तर आज मी हे भाषण करत नसतो. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ नावाचं मासिक गुजरातीत निघालं, आणि पुढं ताराबाईंनी ते मराठीतही आणलं. मूल हट्ट का करतं, जेवताना का सांडतं, मारल्यानं काय होतं, गोष्ट कशी सांगावी, असे तुमच्या-आमच्या घरातले विषय आता छापून घरोघर जाऊ लागले. आईबाप होणं कठीण आहे, अशा अर्थाच्या नावाचं एक पुस्तकच गिजुभाईंनी लिहिलं. एका घरात उमगलेलं दुसऱ्या घराला कळावं, ही वाट तिथं पडली. गिजुभाई १९३९ साली वारले. ताराबाई त्याच्या आधीच मुंबईला आल्या होत्या. १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केलं होतं.

पण ताराबाईंच्या मनाला एक टोचणी होती. मासिक वाचणार कोण? ज्याला वाचता येतं तो. बालमंदिरात मूल घालणार कोण? ज्याला फी परवडते तो. मग खेड्यातल्या, मजुराच्या मुलाचं काय? म्हणून १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या आणि तिथं बालशिक्षणाचं केंद्र काढलं. त्यांच्या हाताखाली अनुताई वाघ आल्या. मोरगावात १९१० साली जन्मलेल्या, लहानपणी लग्न होऊन लगेच वैधव्य आलेल्या आणि जिद्दीनं शिकून मास्तरीण झालेल्या.

बालवाडी उघडली, पण मागास वस्तीतली मुलं काही येईनात. कारणं साधीच होती. अंगावर धड कपडा नाही. आईबाप मजुरीला गेले की धाकट्या भावंडाला सांभाळायचं असतं. पाटीवाल्या बाईंची भीती, ती वेगळीच. आपल्यासारखा कुणी असता तर म्हणाला असता, ‘या लोकांना शिक्षणाची आवडच नाही.’ या दोघींनी तसं म्हटलं नाही. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळाच त्याच्या अंगणात नेऊ, असं त्यांनी ठरवलं. झाडाखाली किंवा कुणाच्या ओसरीपुढं बसायचं. मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, गाणी म्हणायची. शिंपले, चिंचोके, पानं, काड्या, खडे हीच साधनं. आणि हे सगळं आयांच्या डोळ्यांदेखत चालायचं! त्यामुळं मूल शिके, आणि दारातून पाहणारी आईही शिके. हीच ‘अंगणवाडी’.

१९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांच्या मुलखात गेलं. तिथं गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरं जिथं चरतात तिथंच शाळा. तान्ह्या मुलांचं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, तिला ‘विकासवाडी’ म्हणत. थोरलं पोर शिकायला आलं की पाठुंगळीचं धाकटंही आलंच, त्याचीही सोय नको का? ताराबाई १९७३ साली वारल्या. अनुताईंनी ते काम १९९२ पर्यंत, अखेरच्या दिवसांपर्यंत चालवलं.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. आज तो उच्चारला की आपल्याला खाऊ, वजनकाटा आणि लसीकरण आठवतं. ते हवंच. उपाशी मूल काय शिकणार? पण त्या शब्दातलं अंगण मात्र आपण विसरलो. शिक्षणानं उठून मुलाच्या घरापर्यंत जायचं, हा त्यातला मूळ अर्थ.

आता आपल्या सोलापूरचं पाहा. पूर्व भागात विणकराच्या घरचं मूल आईशी तेलुगू बोलतं, गल्लीत मराठी बोलतं, आणि बाजारात कानडी ऐकून समजतं. पाच वर्षांचं पोर तीन भाषांत वावरतं! तेच पोर वर्गात गप्प बसलं की आपण मास्तर लोक शेरा मारतो, ‘याला काही येत नाही.’ मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या आईला वाटतं, आपण अडाणी, आपण काय शिकवणार? अहो, तिनं हात चालू ठेवून पोराशी नुसत्या गप्पा मारल्या, गोष्ट सांगितली, पोराला प्रश्न विचारू दिले, तरी ते मोठं शिक्षण आहे. पोराला कामाला जुंपू नका, एवढंच. आणि रडतं म्हणून त्याच्या हातात मोबाइल देऊन गप्पही करू नका.

हल्ली मोठ्या शहरांत काही सुशिक्षित आईबाप मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवतात. त्यांना वेळ असतो, पुस्तकं असतात. आपल्या बहुतेक घरांत दोघंही कामावर जातात. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २०१० पासून लागू झाला, तो अशा घरांसाठी फार मोलाचा. गरिबाच्या मुलीची शाळा मी तरी कधी सोडायला सांगणार नाही. पण सहाच्या आधीची वर्षं? २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ या वयाला पाया मानलं आहे. ताराबाई हेच जन्मभर सांगत होत्या. त्या वयातला बराच वेळ मूल घरीच असतं. तिथले मास्तर तुम्हीच.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एकच विनंती. महिन्यातून एकदा पारावर किंवा कुणाच्या अंगणात पालकांना बोलवा. पण भाषण करू नका. तो रोग माझा, तो माझ्याकडंच राहू द्या! आयांना बोलू द्या. कुणाचं मूल कशानं बोलायला लागलं, कुणी हट्ट कसा घालवला, कोणत्या आजीला कोणतं गाणं येतं, हे एकीचं दुसरीला कळू द्या. त्याला पैसा लागत नाही.

आणि आमच्या घरच्या पाटीचं काय झालं, म्हणाल? ती वर्षभर कपाटावर होती. एके दिवशी चिरंजिवांनी ज्वारीच्या पोत्यावरच्या अक्षराकडं बोट दाखवून विचारलं, ‘आजी, हे काय लिहिलंय?’ आजीनं अक्षर जुळवून वाचून दाखवलं. मग त्यानंच माझ्याकडं पाटी मागितली. मी स्टुलावर चढून ती काढून दिली आणि या खेपेला गप्प बसून राहिलो.