हल्या, मोटार आणि अर्धा सेकंद

गेल्या दिवाळीत पोरानं इलेक्ट्रिक कार घ्यायचं काढलं. जेवताना म्हणाला, "बाबूजी, एकीची मोटार 45 किलोवॅटची आहे, दुसरीची 55. कोणती घ्यायची?" मी विचारलं, "तुला हल्या पाहिजे का पटाचा बैल?" सून हसली. पोरगा हसला नाही, कारण पुढे काय ऐकावं लागणार ते त्याला कळलं होतं.

लाखनीत 35 वर्षं मी पंपाच्या जळालेल्या मोटारी भरल्या. ताकदीचा हिशेब हाच माझा धंदा. पण तो मी शिकलो बापाच्या बांधीत.

आमचा भंडारा जिल्हा धानाचा. आषाढात बांधीत पाणी साचलं की चिखल करायचा आणि मग रोवणी. त्या चिखलात बैल कामाचा नाही, खूर रुततो आणि जीव घाबरतो. तिथं हल्या लागतो, म्हणजे रेडा. पसरट खूर, अंगात म्हशीची जात, पाण्यात आणि गाळात घरच्यासारखा. चालायचा इतका हळू, की मागे उभं राहून बाप दोन विड्या ओढायचा. पण थांबायचा नाही. मात्र उघडीप पडून ऊन तापलं, की हल्या तोंड उघडून धापा टाकायला लागायचा. मग जू काढून त्याला तलावात सोडायचं. तासभर नाकापर्यंत बुडून बसला की पुन्हा कामाला तयार. पुढे मोटारी उघडायला लागल्यावर कळलं, की तिथंही हेच आहे. मोटार जास्त ओझ्यानं लगेच मरत नाही. ती तापते, तारेवरचं वॉर्निश करपतं, आणि मग जाते. तो करपट वास माझ्या कपड्यांतून आजही जात नाही, असं घरात म्हणतात.

पटाच्या बैलाची गोष्ट वेगळी. धान घरात आलं की आमच्या झाडीपट्टीत मंडई, दंडार, नाटकं आणि शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती. घरच्या पोरांना न मिळणारं दूध-तूप त्या जोडीला. वर्षभराचा खुराक पटावरच्या काही सेकंदांसाठी, आणि जिंकणं-हरणं सेकंदाच्या तुकड्यावर. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये अटींवर पुन्हा परवानगी दिली, आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं राज्याचा कायदा ग्राह्य धरला. पट बंद होता त्या वर्षांतही काहींनी जोड्या विकल्या नाहीत. दावणीला बांधून खाऊ घातल्या. त्यांना कोणी विचारलं नाही की एवढी ताकद कशाला.

पंप येण्याआधीच्या पिढीला पाण्यासाठी ताकद लागतच नव्हती. कोहळी समाजानं बांधलेले तलाव उंचावर, बांध्या खाली, पाटानं पाणी आपसूक यायचं. मालगुजारी 1951 मध्ये गेली, तलाव सरकारजमा झाले आणि लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणू लागले, म्हणजे माजी मालगुजारी. गाळ साचत गेला. पुढे विहिरी आल्या, बोअर आल्या, उन्हाळी धान आलं, आणि त्यांच्या मागोमाग माझा धंदा.

जेम्स वॅटनं वाफेचं इंजिन विकण्यासाठी घोड्याचं माप काढलं. एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॅट. दिवसभराच्या कामात एक बैल साधारण अर्धी हॉर्सपॉवर देतो, म्हणजे जोडी एक. 5 हॉर्सपॉवरचा पंप म्हणजे पाच जोड्या, आणि त्या चारा मागत नाहीत. पण मीटर नसलेल्या पंपाचं बिल हॉर्सपॉवरवर यायचं. म्हणून माझ्याकडे लोक मोटार भरायला आणायचे आणि जाताना हळूच सांगायचे, "पाटी 3 ची ठोकून द्या ना जी." मीही काही वेळा ठोकली, खोटं कशाला बोलू. पाटी 3 म्हणायची, पण आतलं तांबं 5 चं बोलायचं. तारेचा गेज पाहिला की मला खरं कळे. आता 2024 च्या योजनेत साडेसातपर्यंतच्या पंपांना वीज फुकट आहे, त्यामुळे पाटीची ती लपाछपी राहिली नाही. आता ज्याला त्याला साडेसातच हवा, मग विहीर तासाभरात आटत का असेना.

तर कार. कागद चाळताना मला पहिल्यांदा खटकलं ते हे, की आकडा जास्तीत जास्त ताकदीचा आहे. पंपाच्या पाटीवरचे 5 म्हणजे दिवसभर देत राहील ते 5. कारचे 55 किलोवॅट, म्हणजे जवळपास 74 हॉर्सपॉवर, हे थोड्या वेळाचे. अर्धा तास सतत किती देते, हे चाचणीत वेगळं मोजतात, आणि तो आकडा कमी भरतो. जाहिरातीत पट असतो, चिखल नसतो.

आणि लागते किती? लहान गाडी, चार माणसं, महामार्गावर ताशी 80. सपाट रस्त्याला 8 ते 10 किलोवॅट पुरतात, एसी धरून थोडे जास्त. आमच्याकडे घाट नाही, वैनगंगेच्या पुलाचा चढ तो काय चढ. ट्रकला मागे टाकताना काही क्षण चौपट लागते, तेवढी 45 मध्येही आहे. शिवाय विजेची मोटार उभ्या जागेवरूनच ओढ देते, पेट्रोलच्या इंजिनासारखी आधी फिरावी लागत नाही. जुन्या मारुती 800 ला 40 हॉर्सपॉवरही नव्हत्या, आणि तिच्यावर आख्खी वरात यायची.

पोरगा दाखवत होता ती टाटाची टियागो ईव्ही. 2022 साली आली तेव्हा दोन बॅटऱ्यांत आली, 19.2 आणि 24 किलोवॅट-तास. मोठी मोटार मोठ्या बॅटरीसोबत, लहान लहानसोबत. थांबलेली गाडी 60 वर जायला कंपनीचा आकडा एकीचा 6.2 सेकंद, दुसरीचा 5.7. पोरानं त्या अर्ध्या सेकंदावर बोट ठेवलं.

मी मागच्या पानावर पेन्सिलीनं मांडलं. लाखनी ते नागपूर साधारण 80, जाऊन-येऊन 160. त्याचं आठवड्यात दोनदा जाणं. एका फेरीला 16 ते 19 युनिट लागणार. लहान बॅटरीत घरी पोचेपर्यंत काटा तळाला, आणि मे महिन्यात एसी बंद करून बसा. मोठीत निदान पाच युनिट हाताशी राहतात.

"24 ची घे," मी म्हटलं.

"म्हणजे 55 किलोवॅटची!"

"बॅटरीसाठी."

तो मान डोलावत होता, पण कान माझ्याकडे नव्हते. गाडी आली त्या रविवारी महामार्गावर, रस्ता मोकळा बघून, त्यानं मला मोबाईलचं स्टॉपवॉच धरायला लावलं. 6.8 सेकंद भरले. माझं बोट दाबायला उशीर झाला असं तो म्हणतो. पुढच्या रविवारी पुन्हा मोजायचं ठरलं आहे.