१४ ऑगस्ट : कैखुश्रू शापूरजी सोराबजी

मुंबईच्या एका पारशी स्थापत्य-अभियंत्याचे आणि आंग्ल मातेचे पुत्र म्हणून इंग्लंडातील चिंगफर्ड येथे १८९२ साली आजच्या दिवशी ज्यांचा जन्म झाला, आणि लिऑन डडली हे मूळचे नाव टाकून पितृकुलाची ओळख सांगणारे नावच ज्यांनी अंगीकारले, ते संगीतरचनाकार कैखुश्रू शापूरजी सोराबजी महाराष्ट्रात जवळजवळ अपरिचितच राहिले. वडिलांच्या मिळकतीमुळे चरितार्थाची विवंचना नसल्याने श्रोत्यांचा अनुनय करण्याचे त्यांना प्रयोजन नव्हते. तशी वृत्ती तर मुळीच नव्हती!

'ओपस क्लाविचेंबालिस्टिकम' ही आपली २५२ पृष्ठांची पियानोकृती त्यांनी १ डिसेंबर १९३० रोजी ग्लासगो येथे स्वतः वाजविली. तिला सुमारे चार तास लागतात. सप्ताहातील रात्रभराच्या हरिजागराला सरावलेल्या आपल्याकडील श्रोत्यांना याचे नवल वाटू नये, परंतु युरोपीय मैफिलीच्या रसिकांची ती कसोटीच होती. १९३६ मध्ये लंडनला अन्य वादकाने तिचा पहिला भाग असमाधानकारक रीतीने सादर केल्यावर, आपल्या अनुमतीवाचून आपले संगीत कोणी जाहीरपणे वाजवू नये, असा जणू मनाईहुकूमच त्यांनी काढला, आणि तो १९७६ पर्यंत अंमलात राहिला. हा हट्ट खराच. तथापि सदोष वादनापेक्षा मौन पत्करणाऱ्या कलावंताचा तो असल्याने आम्हांस क्षम्य वाटतो. मधल्या काळात, १९६८ ते १९७३ हा खंड वगळता, संगीतलेखन चालूच होते.

१५ ऑक्टोबर १९८८ रोजी, वयाच्या ९६व्या वर्षी, डॉर्सेट परगण्यात ते निवर्तले.