मुळशीचे पाणी, मुंबईची वीज

मुळा नदीचे पाणी मूळचे पूर्वेकडचे. पुण्यात मुठेला भेटायचे, पुढे भीमेतून कृष्णेत मिसळायचे आणि बंगालच्या उपसागराला जायचे, असा त्याचा वाहता मार्ग. १९२७ पासून मात्र त्यातला मोठा वाटा मुळशीच्या धरणात अडतो, सह्याद्रीचा कडा उतरून कोकणात भिरा येथे पडतो, तिथली चक्रे फिरवतो आणि कुंडलिकेच्या वाटेने अरबी समुद्राला मिळतो. ज्यांनी हे घडवले त्यांच्या बुद्धीविषयी आम्हाला आदरच आहे. प्रश्न आहे तो या बुद्धीचे बिल कोणाच्या नावे फाडले गेले, हा.

विजेची ही कल्पना जमशेटजी टाटांची. १९०४ मध्ये ते गेले, आणि पुढच्या पिढीने ती प्रत्यक्षात आणली. खोपोलीचे केंद्र १९१५ मध्ये, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि मुळशीच्या पाण्यावरचे भिऱ्याचे १९२७ मध्ये सुरू झाले. मुंबईच्या गिरण्या तोवर दुरून येणाऱ्या कोळशावर धुमसत होत्या. पहिल्या महायुद्धाने कोळसा आणि रेल्वेच्या वाघिणी या दोन्हींची टंचाई दाखवून दिली होती. पाण्याची वीज स्वस्त, स्वदेशी आणि धूरविरहित. योजनेच्या बाजूचा हा युक्तिवाद आज वाचताना चमकायला होते, कारण हवामानबदलाच्या विरोधात रस्त्यावर उतरणारी आजची तरुण पिढी कोळशाविरुद्ध जे बोलते, त्यातले निम्मे त्यात आधीच आहे. म्हणजे मुळशीत एका बाजूला दुष्ट आणि दुसऱ्या बाजूला सुष्ट अशी सोपी मांडणी नव्हती. तिथे एक चांगला युक्तिवाद होता आणि त्याच्या पोटात बुडणारी सुमारे बावन्न गावे होती.

ती गावे आंबेमोहोर पिकवणाऱ्या मावळ्यांची. जमीन रीतसर ताब्यात येण्याआधीच शेतांत चर खणले जाऊ लागले आणि असंतोष पेटला. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी हजाराहून अधिक माणसे धरणाच्या जागी जाऊन बसली. काम महिनाभर बंद पडले आणि कंपनीने सहा महिने ते थांबवण्याचे मान्य केले. गांधीजींनीही त्याच महिन्यात 'यंग इंडिया'तून टाटांना या गरिबांचा विचार करण्याची विनंती केली होती. 'जान किंवा जमीन' ही त्या लढ्याची घोषणा. ती ज्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली ते पांडुरंग महादेव बापट पारनेरचे, एडिंबरोला शिकलेले, बाँबची विद्या मिळवून परतलेले आणि नंतर निःशस्त्र लढ्याकडे वळलेले. 'सेनापती' ही त्यांची उपाधी मुळशीचीच देणगी आहे. पुढे काम पुन्हा सुरू झाले, अटका झाल्या, स्त्रियाही तुरुंगात गेल्या. १९२४ च्या अखेरीस बापटांनी धरणाकडे जाणारी गाडी अडवली, शस्त्र उगारले आणि सात वर्षांची शिक्षा ओढवून घेतली. ते १९३१ मध्ये सुटले, तेव्हा भिऱ्याची चक्रे फिरू लागून चार वर्षे झाली होती.

इथवरची हकिगत पाठ्यपुस्तकात शोभेल अशी आहे. आम्हाला अधिक मोलाचा वाटतो तो तिच्या मधला भाग. राजेंद्र व्होरा यांनी मुळशीच्या अभ्यासात तो विस्ताराने मांडला आहे. बुडणाऱ्या जमिनीचा मोठा हिस्सा कसणाऱ्यांच्या नव्हे, तर पुण्याच्या सावकारांच्या नावावर होता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कर्जापोटी ती गहाण पडली होती किंवा गिळली गेली होती. प्रारंभी पुण्यातील पुढारी आणि त्यांची वृत्तपत्रे लढ्याच्या पाठीशी उभी राहिली. सरकारने मोबदला देऊन जमीन घेण्याचा कायदेशीर रस्ता मोकळा केला, आणि ही एकजूट फाटली. सावकाराला जमीन म्हणजे रक्कम. तिचे पैसे आले की व्यवहार मिटला. कुळाला जमीन म्हणजे वर्षाचे भात, आणि त्याचा मोबदला ठरवण्याचे कोष्टक कुठल्याच कचेरीत नव्हते. मोबदला 'मालका'ला द्यावा असे तेव्हाचा कायदा म्हणत होता. कसणारा त्याच्या हिशेबात बसत नव्हता. परक्या सरकारविरुद्ध आणि मोठ्या भांडवलाविरुद्ध उभा राहिलेला हा लढा आतून पोखरला गेला तो आपल्याच पेठांतल्या चोपड्यांनी. आमच्यासारख्या पुण्यात शिकलेल्या माणसांना हे लिहिताना थोडे अवघडते, आणि ते अवघडणे रास्त आहे.

'स्वस्त वीज' या शब्दप्रयोगाकडेही मग वेगळ्या नजरेने पाहावे लागते. वीज स्वस्त होती, कारण तिच्या किमतीचा एक भाग किमतीत धरलेलाच नव्हता. तो मावळात भरला गेला होता.

मुळशीला जगातील पहिला धरणविरोधी लढा म्हटले जाते. याला एक पुरवणी जोडली पाहिजे. कॅलिफोर्नियात हेच हेची खोऱ्यातील धरणाला जॉन म्यूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याआधी विरोध केला होता, आणि १९१३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने धरणाला मंजुरी दिल्यावर ते हरले. पण तो विरोध निसर्गाच्या सौंदर्यासाठी होता. ज्यांची घरे बुडणार त्यांनीच बांधावर बसून केलेला विरोध पाहायचा तर मुळशीलाच यावे लागते.

आता आमच्या प्रांताकडे, म्हणजे साहित्याकडे. मुळशीत अटका चालू असताना, १९२३ मध्ये, तिथून पाऊण दिवसाच्या वाटेवर असलेल्या पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. त्या कवींना दोष देण्याचा हेतू नाही. कवीने काय लिहावे हे प्राध्यापकाने सांगू नये. तरीही त्या दशकातील ललित वाङ्मयात मुळशीचा शोध घेताना आमच्या हाती फारसे लागले नाही. विनायकराव भुस्कुट्यांचे 'मुळशी सत्याग्रह' आहे, पण ते लढ्यातल्या माणसाचे कथन आहे. मामा वरेरकरांनी 'धावता धोटा'त गिरणगाव कादंबरीत आणले. हा धोटा कोणाच्या पाण्यावर धावतो, असे एका विद्यार्थिनीने वर्गात विचारले, तेव्हा आम्ही घड्याळाकडे पाहिले, हे कबूल करायला हवे. धरणाने उठवलेली माणसे मराठी कादंबरीत ठसठशीतपणे दिसतात ती विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'त, १९९१ मध्ये. मधली सत्तर वर्षे बरीचशी कोरडी.

या माणसांसाठी भाषेने पुढे घडवलेला शब्दही पाहण्यासारखा आहे. 'धरणग्रस्त', 'प्रकल्पग्रस्त'. ग्रहणाने चंद्र ग्रस्त होतो. दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त, भूकंपग्रस्त हे शब्दही त्याच कुळातले. आकाशातून किंवा जमिनीखालून आलेल्या संकटाच्या रांगेत धरण नेऊन बसवले, की ते कोणी बांधले, कोणी मंजूर केले आणि कोणाला दिवे मिळाले हे प्रश्न व्याकरणातूनच गळून जातात. कर्ता उरत नाही. 'जान किंवा जमीन' म्हणणाऱ्या मावळ्याच्या वाक्यात मात्र समोर कोण उभे आहे याबद्दल संदिग्धता नव्हती.

हे सारे जुने झाले असे म्हणण्याची सोय नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये महाराष्ट्र शासन आणि टाटा पॉवर यांच्यात शिरवटा आणि भिवपुरी येथे एकूण २,८०० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांचा करार झाला. सूर्याची वीज मुबलक असताना पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की खाली सोडायचे, अशी ही योजना. सौर आणि पवन विजेचा साठा करण्याचा हा मार्ग आम्हाला पटतो. कोळसा जाळणे कमी व्हायचे असेल तर असे काही करावेच लागेल. पण पर्यावरणाच्या बाजूने बोलणारे आमचे मित्र 'स्वच्छ' हा शब्द ज्या सहजतेने वापरतात ती आम्हाला खटकते. धूर नाही म्हणजे स्वच्छ, एवढाच अर्थ असेल तर १९२१ ची योजनाही स्वच्छच होती. राजकारणात आमचे मत डावीकडे झुकते हे वाचकांना ठाऊक आहे, आणि डाव्यांनीही धरणांना प्रगतीची मंदिरे मानण्यात कसूर केलेली नाही. म्हणून या नव्या प्रकल्पांविषयी आमचा प्रश्न विजेच्या दराचा नाही. तिथली जमीन आज कागदावर कोणाची, कसते कोण, आणि मोबदल्याच्या यादीत या दोघांपैकी कोणाचे नाव आहे, हे आम्हाला पाहायचे आहे. ती यादी मराठीत आणि गावाच्या चावडीवर लागली पाहिजे, कंत्राटाच्या निविदा निघण्याआधी.