बेन ग्रॅहम : दोन खेळांचे दोन अंतिम सामने

अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आले नाही, तर चेंडू प्रतिस्पर्ध्यांकडे जातो. म्हणून चौथ्या प्रयत्नाला बहुधा तो हातातून सोडून लाथेने दूर धाडला जातो. हे काम पंटरचे. (मुंबईच्या बोलीतील 'पंटर' निराळा!) अंतराइतकीच उंचीही मोलाची, चेंडू हवेत रेंगाळला की सहकाऱ्यांना धावत जाऊन तो झेलणाऱ्याला गाठता येते.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये हे कौशल्य प्रत्येक खेळाडूला बालपणापासूनच अंगवळणी पडते. त्याच्याच बळावर डॅरन बेनेट नव्वदच्या दशकात अमेरिकेत स्थिरावले. बेन ग्रॅहम यांचे धाडस मात्र अधिक मोठे. जिलाँगकडून २१९ सामने खेळलेला, संघाचे कर्णधारपद भूषविलेला हा खेळाडू २००५ मध्ये, वयाच्या ३१व्या वर्षी, न्यूयॉर्क जेट्समध्ये नवोदित म्हणून दाखल झाला.

पंटरची नोकरी बेभरवशाची. २००८ च्या हंगामात जेट्सने त्यांना वगळले. त्याच हंगामात ॲरिझोना कार्डिनल्सने त्यांना घेतले आणि १ फेब्रुवारी २००९ रोजी ते सुपर बोलमध्ये उतरले. ऑस्ट्रेलियन लीगची अंतिम लढत आणि सुपर बोल, दोन्ही खेळणारे ते पहिलेच खेळाडू.

विजय मात्र दोन्हीकडे हुकला. १९९५ मध्ये मेलबर्नला कार्लटनने जिलाँगचा ६१ गुणांनी धुव्वा उडविला होता. टॅम्पात अवघे ३५ सेकंद उरले असताना पिट्सबर्ग स्टीलर्सने आघाडी घेतली आणि सामना २७-२३ असा जिंकला.