शुगर मोजली, लघवी राहिली

1924 साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि योगाचे दावे थेट प्रयोगशाळेत नेले. उड्डियान, नौली करताना पोटातला दाब किती बदलतो ते यंत्र लावून मोजलं, एक्स-रे काढले. मोजल्याशिवाय मानायचं नाही, ही शिस्त आपल्या गावाला शंभर वर्षांची ओळखीची. मधुमेहात मात्र आपण शुगरच्या आकड्यापाशीच थांबलोय. बोट टोचलं, दीडशे आली, चला घरी.

मधुमेह किडनीला कसा पोखरतो, हे डॉक्टरांनाही उशिराच दिसलं. 1936 मध्ये बॉस्टनला किमेलस्टील आणि विल्सन या दोघांनी मृत रुग्णांच्या किडन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. रक्त गाळणाऱ्या बारीक गुच्छांत गाठी झाल्या होत्या. म्हणजे पुरावा मिळाला तो शवविच्छेदनात! जिवंत माणसात आजार वेळेवर पकडायला 1980 चं दशक उजाडलं. लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रथिन अगदी किंचित जाऊ लागलं तरी पुढचा धोका कळतो, हे 1982 मध्ये लंडनच्या विबेर्टींनी आणि 1984 मध्ये डेन्मार्कच्या मोगेन्सेन यांनी दाखवलं. रक्तातलं क्रिएटिनिन वाढेपर्यंत किडनीचं निम्मं काम बऱ्याचदा गेलेलं असतं. तरी 'क्रिएटिनिन नॉर्मल आहे' म्हणून निर्धास्त राहणारे आपल्यात कमी नाहीत.

आता रक्तातल्या दाहाचं. सीआरपी ही तपासणी कोविडमध्ये घरोघरी माहीत झाली, पण ते प्रथिन सापडलं 1930 मध्ये, न्यूमोनियाच्या रुग्णांत. मधुमेहात जंतू नसतानाही असा दाह आत मंद धुमसत राहतो. पोटाची चरबी त्याला सरपण पुरवते. 2012 मध्ये, पुन्हा बॉस्टनलाच, जोस्लिन केंद्रातल्या संशोधकांनी दाखवलं की टीएनएफ या दाहाच्या द्रव्याशी जोडलेली दोन प्रथिनं रक्तात जास्त असतील, तर त्या मधुमेहींची किडनी पुढे निकामी होण्याचा धोका बराच मोठा असतो. ही काही कोपऱ्यावरच्या लॅबमधली तपासणी नाही. आणि सीआरपी तर साध्या तापानेही चढतं, त्यावरून किडनीचा निकाल लावू नये.

"मला कुठे पोट आहे?" म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचाच दाखला. 2004 मध्ये केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2! दिसायला सडपातळ, आतून चरबी, ही आपली भारतीय ठेवण. अंगकाठी बघून शिबिरातून परत फिरू नका.

आणि शिबिरांचे फलक तरी वाचा. 'मोफत शुगर, बीपी तपासणी.' लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर कुठेच नसतं. मधुमेह्याने ते वर्षातून एकदा तपासायलाच हवं. लागते फक्त डबीभर लघवी. ते राहिलं आणि गाडी डायलिसिसपर्यंत गेली, तर आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास पलंगावर. 2016 पासून सरकारी कार्यक्रमात गरिबांना डायलिसिस मोफत आहे, मान्य. पण आंदर मावळातून, पवन मावळातून एसटी धरून जायचं म्हणजे रुग्णाचा दिवस जातो आणि सोबत येणाऱ्याची मजुरीही.

पुढच्या शिबिराची वर्गणी मागायला मंडळी दारात आली, की पावती फाडण्याआधी एवढं विचारा: लघवीची डबी ठेवणार आहात का?