स्तनलघुकरण शस्त्रक्रियेतील रक्तस्राव-नियंत्रण

स्तनलघुकरण शस्त्रक्रियेत अतिवाढ झालेल्या स्तनांतील जादा त्वचा, मेद व ग्रंथी काढतात. त्या वेळी रक्त कमीत कमी जावे म्हणून केल्या जाणाऱ्या उपायांची ही नोंद आहे. मान व खांदे सतत दुखणे, ब्रेसियरच्या पट्ट्यांचे वळ उठणे, स्तनांखालच्या घडीत पुन्हापुन्हा पुरळ येणे अशा त्रासांसाठी ही शस्त्रक्रिया केली जाते. तिला निव्वळ सौंदर्योपचार समजणे हा या स्त्रियांवर अन्याय आहे.

स्तनाला छातीच्या हाडालगतच्या रोहिणीच्या शाखा, काखेकडून येणारी पार्श्व वक्षीय रोहिणी आणि बरगड्यांमधून येणाऱ्या शाखा रक्त पुरवतात. स्तनाग्र जिवंत राहावे म्हणून यांतल्या काही वाहिन्या जपाव्याच लागतात. त्यामुळे सगळ्या वाहिन्या बांधून मोकळे होता येत नाही.

रक्त वाचवण्याचे काम शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी सुरू होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. हिमोग्लोबिन मुळातच कमी असेल, तर एरवी सहज सोसणारा स्राव जड जातो आणि बाहेरचे रक्त देण्याची वेळ येऊ शकते. ही शस्त्रक्रिया तातडीची नसते. म्हणून पाळीत जास्त रक्त जाते का हे विचारून, लोहाच्या गोळ्या किंवा शिरेतून लोह देऊन, हिमोग्लोबिन सुधारल्यावरच तारीख ठरवणे योग्य. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी रक्तबिंबिकांचे काम मंदावते. ती कधी थांबवायची हे डॉक्टरांनीच ठरवावे. हृदयविकारासाठी चालू असलेली गोळी परस्पर बंद करू नये. घरी घेतले जाणारे काढे आणि चूर्णेही त्यांना सांगावीत.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत सर्वांत उपयोगी पडते ते ॲड्रेनॅलिन. एक लिटर सलाइनमध्ये एक मिलिग्रॅम, म्हणजे दहा लाखांत एक भाग, इतके विरळ द्रावणही छेदाच्या जागी टोचल्यावर बारीक वाहिन्या आकसतात. सोबत बहुधा भुलीचे औषध मिसळतात. मेद काढण्यासाठी असे द्रावण मोठ्या प्रमाणात भरण्याची पद्धत अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८७ मध्ये मांडली. औषध पुरते भिनायला काही मिनिटे लागतात. टोचल्याबरोबर सुरी चालवली तर अर्धा फायदा वाया जातो. दुसरी मेख अशी की परिणाम ओसरल्यावर दबलेल्या वाहिन्या पुन्हा वाहू लागतात. त्यामुळे टाके घालण्यापूर्वी रक्तदाब नेहमीच्या पातळीवर आणून प्रत्येक कोपरा तपासतात आणि वाहणारी तोंडे विद्युत् कॉटरीने बंद करतात. विल्यम बोवी यांनी बनवलेले असे उपकरण हार्वे कुशिंग यांनी १९२६ मध्ये बोस्टनमध्ये प्रथम वापरले. रुग्णाचे अंग उबदार ठेवणेही महत्त्वाचे, कारण शरीर गार पडले की रक्त गोठण्याची क्रिया मंदावते.

ट्रानेक्झामिक ॲसिड तयार झालेली गुठळी विरघळू देत नाही. जास्त पाळीसाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांमुळे हे नाव अनेक स्त्रियांच्या ओळखीचे आहे. जपानच्या उताको व शोसुके ओकामोतो या दांपत्याने ते १९६२ मध्ये जगापुढे आणले. नॉर्वेत २८ स्त्रियांच्या एका स्तनाच्या जखमेत हे औषध आणि दुसऱ्यात साधे सलाइन लावून तुलना केली गेली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात औषध लावलेल्या बाजूचा स्राव ३९ टक्के कमी भरला. एकाच स्त्रीच्या दोन बाजूंची तुलना असल्याने या चाचणीला वजन आहे. मात्र पूर्वी शिरेत गुठळी झालेल्यांना हे औषध विचारपूर्वकच द्यावे लागते.

किती रक्त गेले याचा नुसत्या नजरेने केलेला अंदाज फसतो. भिजलेले गॉज वजन करून मोजणे अधिक भरवशाचे. एक ग्रॅम वाढ म्हणजे सुमारे एक मिलिलिटर रक्त. हे मोजमाप आणि रात्रीची देखरेख परिचारिकांच्या हाती असते.  रक्तस्राव-नियंत्रणात शल्यविशारदाइतकाच प्रशिक्षित परिचारिकांचा वाटा मानला पाहिजे.

जखमेत नळी ठेवल्याने आत रक्त साकळणे टळते असे आढळलेले नाही. त्यामुळे अनेक शल्यविशारद आता ती ठेवत नाहीत. रक्त साकळण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असतो. एकच स्तन झपाट्याने सुजला, ताठरला, काळानिळा पडला किंवा तिथली वेदना वाढत गेली, तर सकाळची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे.