बनावट माशीचा मागोवा : मॅसिडोनियापासून यलोस्टोनपर्यंत

इसवी सन २०० च्या आसपास, रोमजवळच्या प्रेनेस्ते गावच्या क्लॉडियस ईलियन या लेखकाने ग्रीक भाषेत प्राण्यांविषयी एक मोठा ग्रंथ लिहिला. ऐकलेल्या, वाचलेल्या आणि नवलाच्या हकिकतींनी तो खच्चून भरला आहे. त्याच्या पंधराव्या भागाच्या आरंभीच मॅसिडोनियातली एक हकिकत येते आणि आपला मागोवा तिथूनच सुरू करावा लागतो. बेरोया आणि थेसालोनिकी या नगरांच्या मधून ॲस्ट्रेयस नावाची नदी वाहते. तिच्यातले ठिपकेदार मासे पाण्यावर घिरट्या घालणारे एका जातीचे कीटक खातात, असे ईलियन सांगतो. खरा कीटक गळाला लावण्याची सोय नाही, कारण माणसाचा हात लागला की त्याचा रंग उडतो, पंख कोमेजतात आणि मासा त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून तिथले लोक गळाभोवती लाल लोकर गुंडाळतात, तिला कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसे बांधतात आणि सहा फुटी काठीला तेवढ्याच लांबीची दोरी लावून ही बनावट माशी प्रवाहावर सोडतात. आज अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, यलोस्टोनसारख्या विशाल नदीवर शरद ऋतूत ट्राउट मासे पकडण्यासाठी जे वापरतात, त्याचे मूळ साहित्य या मोजक्या ओळींत आले आहे.

ईलियननंतर लिखित पुरावे विरळ होतात. पुढचा भक्कम टप्पा लागतो तो १४९६ साली. त्या वर्षी विंकिन द वर्ड या मुद्रकाने वेस्टमिन्स्टर इथे गळाच्या मासेमारीवरचा एक छोटा इंग्रजी निबंध छापला. डेम जुलियाना बर्नर्स या स्त्रीच्या नावावर तो परंपरेने चालत आला आहे, मात्र तिच्या कर्तृत्वाचा पक्का पुरावा नाही. या निबंधात बारा बनावट माश्यांची यादी आहे आणि ती महिन्यांप्रमाणे लावलेली आहे. कोणत्या महिन्यात कोणत्या रंगाची लोकर, कोणत्या पक्ष्याचे पीस, हे त्यात नेमके सांगितले आहे. मला या यादीत फार रस वाटतो तो तिच्या शेवटामुळे. ती मार्चमध्ये सुरू होते आणि ऑगस्टमध्ये थांबते. शरद ऋतूला तिच्यात जागाच नाही. पुढे १६७६ साली आयझॅक वॉल्टनच्या मासेमारीवरच्या प्रसिद्ध ग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीला चार्ल्स कॉटनने आपला भाग जोडला. डव्ह नदीकाठी वाढलेल्या या गृहस्थाने वर्षाचे सगळे महिने घेतले, पण सप्टेंबरला एप्रिलच्या आणि ऑक्टोबरला मार्चच्याच माश्या चालतील असे सांगून शरदाची बोळवण केली. कीटक हेच ट्राउटचे अन्न आणि माशी ही कीटकाचीच नक्कल, या समजुतीत जोवर सारे होते, तोवर दुसरे काही सुचणार तरी कसे?

ही समजूत एकोणिसाव्या शतकात आणखी घट्ट झाली, आणि तिच्यामागे अस्सल अभ्यास होता हे मान्य केले पाहिजे. आल्फ्रेड रोनाल्ड्सने स्टॅफर्डशरमधल्या ब्लाइथ नदीच्या काठी निरीक्षणासाठी एक झोपडी उभारली आणि ट्राउटला काय दिसते, काय ऐकू येते याचे प्रयोग केले. १८३६ साली निघालेल्या त्याच्या पुस्तकात खरा कीटक आणि त्याची बनावट प्रतिकृती शेजारी शेजारी रंगवून दाखवलेली आहे. १८८६ मध्ये फ्रेडरिक हॅलफर्डने कोरड्या, पृष्ठावर तरंगणाऱ्या माशीचे शास्त्रच मांडले. त्याचे कार्यक्षेत्र म्हणजे इंग्लंडच्या दक्षिणेतली टेस्ट नदी, तळापर्यंत दिसणाऱ्या स्वच्छ पाण्याची. १९१० मध्ये जी. ई. एम. स्क्यूझने माशी पाण्याखाली नेऊन हॅलफर्डच्या अनुयायांशी मोठा वाद ओढवून घेतला. मात्र यातले कोणीही शरदाकडे फारसे वळले नाही. शरदात तपकिरी ट्राउट अंडी घालतो, त्यामुळे इंग्लंडात तेव्हा मासेमारीचा हंगाम संपलेला असतो.

आता आपण अटलांटिक ओलांडू. १८८० साली बर्लिनमध्ये मत्स्योद्योगाचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. तिथे फ्रेड मॅथर या अमेरिकन मत्स्यतज्ज्ञाची बॅरन लुसियस फॉन बेअर याच्याशी ओळख झाली. त्या ओळखीतून फेब्रुवारी १८८३ मध्ये ‘वेरा’ या आगबोटीने जर्मनीहून तपकिरी ट्राउटची अंडी न्यूयॉर्कला पोहोचली आणि कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या केंद्रात उबवली गेली. एप्रिल १८८४ मध्ये मिशिगनमधल्या पेरे मार्केट नदीच्या एका उपनदीत पहिली पिल्ले सोडण्यात आली; दशकाअखेरीस हा मासा यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातही आला. तिथे मूळचा कटथ्रोट ट्राउट होता, तो वसंतात अंडी घालणारा. शरदात अंडी घालणारा, मोठा झाल्यावर लहान मासे खाणारा आणि गळाला सहजी न फसणारा हा पाहुणा त्याच्या शेजारी स्थायिक झाला. अनेक प्रवाहांत मूळचा मासा त्यामुळे मागे हटला. या इतिहासाचा आनंद घेताना ही किंमत विसरू नये, असे माझे ठाम मत आहे.

नदी मोठी, मासा मोठा आणि त्याची भूक दुसऱ्या माशांची. मग कीटकाची नक्कल पुरेना. इथे आपल्या वाटेत मेन राज्यातली कॅरी स्टीव्हन्स येते. टोप्या सजवण्याच्या कामात मुरलेला तिचा हात होता. १ जुलै १९२४ रोजी अप्पर डॅम इथे तिने स्वतः बांधलेल्या लांब पिसांच्या माशीवर तीन किलोंहून जास्त वजनाचा ब्रूक ट्राउट पकडला. त्याच प्रयत्नांतून पुढे ‘ग्रे घोस्ट’ तयार झाली. नाव माशीचे, पण नक्कल स्मेल्ट या छोट्या माशाची. शिकंजा न वापरता, गळ नुसत्या बोटांत धरून ती माशी बांधत असे. ग्रे घोस्टच्या दोन्ही बाजूंना डोळ्यासारखे जे चकचकीत पीस बसवतात, ते राखी रानकोंबड्याच्या मानेवरचे. महाबळेश्वर-कोयनेच्या रानात पहाटे आरवणारा, सह्याद्रीचा आणि दक्षिण भारताचा हा पक्षी. त्याच्या मानेच्या पिसांच्या टोकाला पिवळसर-पांढरे, लाखेसारखे कडक आणि तुकतुकीत ठिपके असतात. ओले झाले तरी त्यांची चमक जात नाही. व्हिक्टोरियन इंग्लंडात सामन माशाच्या गळासाठी ही पिसे भारतातून जहाजे भरून जात. किती पक्षी त्यापायी गेले असतील याची कल्पनाही नकोशी वाटते. आज हा पक्षी आपल्याकडे कायद्याने संरक्षित आहे आणि परदेशी कारागीर पाळीव पक्ष्यांची पिसे वापरतात.

१९३० च्या दशकात कॅनडाच्या ऑन्टेरिओ प्रांतात निपिगॉन नदीवर डॉन गॅपेनने ‘मडलर मिनो’ बांधली. दगडांखाली राहणारा, बसक्या डोक्याचा स्कल्पिन हा तिचा नमुना. तिचे डोके हरणाच्या केसांचे असते. केसांची चिमूट गळावर ठेवून दोरा आवळला की केस चारी बाजूंना ताठ फुलतात, मग कात्रीने छाटून त्यांना गोटीचा आकार द्यायचा. ब्रुकलिनमध्ये पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या डॅन बेलीने १९३८ साली मोंटानात, यलोस्टोनकाठच्या लिव्हिंग्स्टन गावी दुकान थाटले आणि मडलर घरोघर पोहोचवली. चार पौंडांहून मोठ्या ट्राउटची बाह्यरेषा लाकडावर उतरवून तो दुकानाच्या भिंतीवर लावीत असे. गावाच्या वरच्या अंगाला धरण बांधण्याची योजना १९७० च्या दशकात जोर धरू लागली, तेव्हा तिच्याविरुद्ध उभे राहणाऱ्यांत बेलीही होता. ते धरण झाले नाही. यलोस्टोनच्या मुख्य प्रवाहावर आजही मोठा जलाशय नाही.

तर पाच शतकांपूर्वीच्या यादीत नसलेला शरद अशा रीतीने माशीच्या इतिहासात दाखल झाला. ऑक्टोबरात लिव्हिंग्स्टनला कॉटनवुडची झाडे पिवळी होतात, पाणी उतरते आणि गार होते. ढगाळ दुपारी बारीक ऑलिव्ह रंगाचे मेफ्लाय कीटक पाण्यावर येतात, तेव्हा हॅलफर्डच्या वंशातली इवलीशी तरंगती माशी कामी येते. एरवी वल्ह्यांच्या होडीतून काठाच्या दगडांपाशी बोटभर लांबीची, मडलरच्या कुळातली माशी फेकायची आणि दोरी हाताने झटके देत ओढायची, म्हणजे घाबरून पळणाऱ्या स्कल्पिनचा भास होतो. नर ट्राउटचा खालचा जबडा या दिवसांत आकड्यासारखा वळलेला असतो आणि हद्दीत शिरलेल्या कशावरही तो तुटून पडतो.

नदी मात्र पूर्वीइतकी निर्धास्त राहिलेली नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये कमी आणि कोमट पाण्यात एका परजीवीने हजारो व्हाइटफिश मासे मारले आणि मोंटाना सरकारला यलोस्टोनचा १८३ मैलांचा पट्टा सर्वांसाठी बंद करावा लागला. म्हणून आपल्यापैकी कोणी शरदात त्या नदीत उतरणार असेल, तर एवढे करावे : मादी शेपटीने गोटे उलथून अंडी पुरते, ती जागा भोवतालच्या शेवाळी तळापेक्षा उजळ दिसते. तिथे पाय ठेवू नये, आणि तिथल्या माशांवर गळ टाकू नये.